अर्धा वाळा

चष्म्याच्या दुकानात लोक खोटं बोलतात, हे मी नोकरीला लागल्या लागल्या शिकले. हेतू वाईट नसतो. बाहेर बाकावर बसल्या बसल्या आतला तक्ता पाठ होतो, मग खुर्चीत बसल्यावर खालची ओळ दिसो न दिसो, धडाधड म्हणून दाखवतात. नंबर कमी निघावा असं प्रत्येकाला वाटतं, जसा काही मी तो पदरचा देणार आहे. कुणी डोळे किलकिले करतं, कुणी अंदाजाने ठोकून देतं. मी सगळ्यांना एकच सांगते, "दिसतं तेच सांगा." दिवसभर इतक्या वेळा सांगते की एकदा झोपेतही बोलले, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे.

वाक्य माझं नाही, सासऱ्यांचं आहे. त्यांनी ते मला तळ्यावर शिकवलं.

आमच्या माडीच्या खिडकीतून तळं दिसतं. अलीकडच्या काठाला पाण्याची जुनी टाकी आहे, आता वापरात नसलेली, वरती गोल लोखंडी कठडा. थंडी पडली की त्या कठड्यावर ससाणे येऊन बसतात. बाकीचं वर्ष कुठे तरी लांब उत्तरेला काढतात आणि हिवाळ्यापुरते इथे येतात. तळ्यावर बदकं, टाकीखाली पारवे, म्हणजे जेवायची चांगली सोय. सासऱ्यांनी रीतसर परवानगी काढून कितीतरी हिवाळे हे ससाणे जाळ्यात धरले, पायात निळा वाळा घातला आणि सोडून दिले. वाळ्यावर पांढरे तीन आकडे. पुढच्या हिवाळ्यात दुर्बिणीतून ते आकडे वाचता आले की कळतं, हा तोच. जगला, परत आला.

ऐकायला सोपं वाटतं. पण ससाणा एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो आणि तासन्‌तास तसाच उभा राहतो, आणि नेमका वाळ्याचाच पाय वर असतो. खाली ठेवलाच, तर आकडे वाळ्याभोवती गोल कोरलेले, त्यामुळे एका वेळी दोनच दिसतात. तिसऱ्यासाठी तो वळायची वाट बघायची. बोटं गारठतात, डोळ्याला पाणी सुटतं आणि मन म्हणतं, घे गं बाई, सातच असेल. तिथे सासरे म्हणायचे, "अर्धा वाळा म्हणजे शून्य वाळा. दिसतं तेच सांग."

लग्न होऊन आले तेव्हा मला कावळा-चिमणी सोडून तिसरं पाखरू माहीत नव्हतं. सासऱ्यांना मुलगी नाही, दोघे मुलगेच, आणि तळ्यावर चला म्हटलं की दोघांच्याही पोटात दुखायचं. म्हणून मी जायला लागले. पहिले काही हिवाळे नुसती दुर्बिणीचं स्टँड उचलत होते. मग वाळे वाचायला लागले. ज्या दिवशी पहिला पुरा वाळा वाचला, त्या दिवशी बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, घरी येऊन सासूबाईंना सांगितलं की आपल्याला मुलगी झाली. सासूबाई आता नाहीत. ते वाक्य ऐकलेली या घरात मी एकटीच उरले आहे.

पुढे त्यांचे डोळे गेले. ते माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत कळलं. नजरेचा मधला भाग गेला, कडा तेवढ्या राहिल्या. माणसाकडे थेट पाहिलं की माणूस पुसला जातो आणि मान वळवली की कडेला उगवतो. तेव्हापासून ते ज्याला बघायचं त्याच्याकडून तोंड फिरवतात. नवखा माणूस म्हणतो, म्हातारा आपल्याशी फटकून वागतो. मला मात्र त्यांची मान किती फिरली की ते नेमकं कुठे बघतायत, हे फूटपट्टी लावल्यासारखं सांगता येतं.

मग तळं मी घरी आणायला लागले. सकाळी दुकान उघडायच्या आधी टाकीवर जायचं, संध्याकाळी माडीवर बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसून सांगायचं, कोण आलं, कोण गेलं, कुणी पारवा मारला. ती खुर्ची माझी होती. सगळं सांगून झालं की ते शेवटी विचारायचे, "आणि माहेरवाशीण?"

माहेरवाशीण म्हणजे चारशे सतरा. मोठी, रुंद छातीची मादी. बाबांनी तिला वाळा घातला त्यानंतर हिवाळा चुकवला म्हणून नाही, आणि बसणार कठड्यावर त्याच ठरलेल्या जागी. पुढे ती यायची बंद झाली. मी म्हणायचे, "नाही, बाबा." ते मान डोलवायचे आणि चहाचा कप पुढे ओढायचे. असे कितीतरी हिवाळे मी "नाही" म्हटलं.

आणि मग धाकटी आली.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, धाकट्या दिरांची बायको. घरी बसून रफू करते. महागाच्या कपड्यांना जळलं-फाटलं की लोक तिच्याकडे आणून टाकतात, आणि ती असं काही भरते की भोक कुठे होतं ते भोक पाडणाऱ्यालाही सापडू नये. लग्नानंतर मी हौसेनं तिला दुकानात नेऊन डोळे तपासले. शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि म्हणते, "ताई, खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू?" इतक्या वर्षांत मला ते नाव दिसलं नव्हतं. मला वाटायचं, तो डाग आहे.

कौतुक करायला हवं होतं. मला मिरच्या झोंबल्या.

पहिल्यांदा तळ्यावर आली तेव्हा मी मोठ्या दुर्बिणीचा फोकस लावत होते, तोवर हिने साध्या दुर्बिणीतून अख्खा वाळा वाचून टाकला. ससाणाही मेला नेमका तेव्हाच वळला. माझ्यासमोर दोन-दोन तास ढिम्म उभे राहणारे हिच्यासमोर गिरक्या घ्यायचे. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय! त्याच आठवड्यात बाबांच्या दुसऱ्या बाजूला एक खुर्ची आली. मग मी काही सांगितलं की बाबा म्हणायला लागले, "धाकटीनंही पाहिलं का?" वाईट मनानं नाही म्हणायचे. पण मला ते शब्द रात्रभर पुरायचे.

आणि ती वाईट असती तर सोयीचं झालं असतं. ती ताई ताई करत मागे असायची, माझ्यासाठी थर्मासमध्ये चहा आणायची. त्याचाही राग यायचा.

या हिवाळ्यात एका धुक्याच्या सकाळी कठड्यावर एक मोठी मादी दिसली. निळा वाळा, त्यावर चार आणि एक. तिसरा आकडा पलीकडे. ती वळली नाही, उडून गेली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी मोठी मादी, तोच निळा वाळा, दिसले एक आणि सात. पहिला आकडा पलीकडे. चार-एक, एक-सात. मधला एक दोन्हीकडे होताच, गाठ आपोआप बसली. दुकानात लोक असंच करतात, अर्धी ओळ दिसते आणि अर्धी ते पदरची घालतात. हे मला त्या वेळी आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही. आठवलं. धाकटी त्या दिवशी तापानं घरी होती, आज ना उद्या बरी होणार होती, आणि बरी झाली की ती एका नजरेत वाचणार होती.

संध्याकाळी बाबांनी विचारायच्या आत मी म्हणाले, "बाबा, माहेरवाशीण आली."

त्यांनी कप खाली ठेवला. तोंड खिडकीकडे फिरवलं, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. "नीट पाहिलंस?"

"पुरा वाळा," मी म्हणाले.

मग त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि तसाच धरून बसले. दुसऱ्या खुर्चीत शाल पांघरून बसलेली धाकटी आमच्याकडे बघत होती. सांगायला लाज वाटते, पण इतकं गोड मला त्या घरात पुन्हा कधी वाटलं नाही.

चारच दिवसांत टाकीवर दोन माद्या शेजारी शेजारी बसलेल्या दिसल्या. लख्ख ऊन होतं. एकीचा वाळा चारशे बारा, दुसरीचा दोनशे सतरा. दोघी सावकाश वळल्या, तीन-तीन आकडे दाखवले आणि निघून गेल्या. मी दोन पाखरांची जोडून एक माहेरवाशीण केली होती. ठरवलं की थोडे दिवस जाऊ द्यायचे आणि मग सांगायचं, गेली परत. कोण बघायला जातंय!

बघायला धाकटी गेली. ताप उतरल्यावर एकटीच गेली आणि गालावर थंडी घेऊन परत आली. सरळ माडीवर. "बाबा, दिसली तुमची माहेरवाशीण. चारशे सतरा. केवढी मोठी आहे हो! आणि मधल्या बोटाचं नख तुटलंय तिचं, उजव्या पायाचं."

मी दारात उभी होते. बाबांचा चेहरा पांढरा पडला, तो धाकटीला दिसला नाही. मी मनात म्हटलं, वा गं शहाणे, थाप माझी आणि वर नख तुझं! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पण त्या मुलीनं छापखान्याचं नावसुद्धा दिसलं म्हणून सांगितलं होतं. अंदाजानं बोलायची तिला सवयच नव्हती.

मग रोजचं झालं. आज बसून होती, आज पारवा खाल्ला, आज चोच कठड्यावर घासत होती. मी त्याच वेळी, त्याच काठावर, हातभर अंतरावर उभी असायचे आणि मला रिकामा कठडा दिसायचा.

"ताई, या ना, आत्ता आहे," म्हणत तिनं एकदा मोठी दुर्बीण मला दिली. मी डोळा लावला. गंजलेला कठडा, एक सैल बोल्ट, मागे आभाळ. मी बाजूला झाले. तिनं डोळा लावला आणि म्हणाली, "आहे की. मान फिरवली बघा."

मी आजूबाजूला पाहिलं. टाकीखाली एकही पारवा नव्हता. तळ्यावरची सगळी बदकं मध्यभागी एकमेकांना चिकटून बसली होती, गप्प. ससाणा वर असला की ती तशी बसतात. मी पुन्हा दुर्बिणीत पाहिलं.

रिकाम्या कठड्यावरून एक राखाडी पीस खाली आलं. मग दुसरं. मग एकदम पाच-सहा, झटका दिल्यासारखी. ससाणा पारवा सोलतो तेव्हा अशीच येतात. कठड्यावर काही नव्हतं आणि पिसं येत होती. एक माझ्या बाहीवर पडलं. त्याचं टोक ओलं होतं, लाल.

भीती वाटायला हवी होती, वाटलीही. पण तिच्याआधी जे वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, अगं, तुला मी जन्म दिला, माझ्या खोटेपणातून, माझी अब्रू पणाला लावून, आणि दर्शन द्यायचं तेही हिलाच?

त्या संध्याकाळी धाकटी खाली होती तेवढ्यात मी बाबांना सगळं सांगून टाकलं. दोन अर्धे वाळे, दोन माद्या, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ड्रॉवरमध्ये माझं जुनं चष्म्याचं घर आहे, दे."

चष्म्याच्या घरात चष्मा नव्हता. निळा वाळा होता, एका बाजूनं कापलेला. मी तो बोटांत फिरवला. चार, एक, सात.

"तारेला धडकली होती. डोळे पुरते जायच्या आधी टाकीखाली मलाच मेलेली सापडली," बाबा म्हणाले. "मीच कापून काढला."

मी विचारलं, मग इतके हिवाळे रोज का विचारत होता?

"तू नाही म्हणायचीस म्हणून. रोज एवढा मोह पुढे ठेवायचो, आणि तू रोज नाही म्हणायचीस. मला बरं वाटायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते रागावले नाहीत, हे जास्त वाईट होतं.

"तू चुकलीस, ते मला त्याच दिवशी कळलं," ते म्हणाले. "पण सापडली तेव्हा तिचं नख तुटलेलं होतं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझ्या सासूलासुद्धा नाही." मग म्हणाले, "धाकटी सांगते तेव्हा वाटतं, मी कापला नसता तर बरं झालं असतं. तो वाळा तळ्यात टाकून ये. तिचा तिला देऊन टाक."

सकाळी मी वाळा घेऊन काठावर गेले. धाकटी आधीच दुर्बिणीला डोळा लावून उभी होती. मी मूठ उघडली आणि पुन्हा मिटली. पाण्यात टाकला तर माहेरवाशीण तळ्याची होणार, आणि तळं आता कुणाचं होतं ते मला दिसत होतंच. मी वाळा माझ्या पांढऱ्या कोटाच्या खिशात टाकला. दुकान जवळ आहे, कोट मी अंगात घालूनच जाते-येते.

"ताई," धाकटी दुर्बिणीतून न हलता म्हणाली, "आज तिच्या पायात वाळा नाही हो."

मग तिनं डोळा काढला. माझ्याकडे पाहिलं आणि मग थोडं वर पाहिलं. एक पाऊल मागे गेली.

"काय झालं?"

"काही नाही. उडाली," ती म्हणाली, आणि थर्मास तिथेच विसरून घरी गेली.

त्या दिवसापासून टाकीवर माहेरवाशीण नाही. धाकटी संध्याकाळी म्हणायची, "नाही, बाबा." दोन खुर्च्या, दोन "नाही." बाबांनी आधी विचारणं सोडलं, मग खुर्ची सोडली, मग जेवण अर्ध्यावर आणलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मला ठाऊक होतं काय झालं होतं ते. मला रोज वाटायचं, आज टाकू वाळा पाण्यात. रोज मूठ मिटायची.

दुकानात एक बाई आल्या, नेहमीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. तक्ता चांगला वाचत होत्या. मधल्या ओळीवर थांबल्या.

"दिसतं तेच सांगा," मी सवयीनं म्हणाले.

त्या तक्त्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी नंबर तपासायची ट्रायल फ्रेम नाकावरून हळूच काढली, माझ्या हातात न देता टेबलाच्या कडेला ठेवली आणि पर्स घेतली. उद्या येते म्हणाल्या.

बाहेर दुकानाच्या छज्ज्यावर पारवे असतात. त्या दिवशी नव्हते.

संध्याकाळी मी तशीच माडीवर गेले. बाबा भिंतीकडे पाठ करून पडले होते. माझी चाहूल लागली तसे उठून बसले, कुणी हात न देता. तोंड दूर फिरवलं, खिडकीकडे.

"आली," ते म्हणाले.

त्यांचा चेहरा कित्येक आठवड्यांनी उजळला होता. हात चाचपडत शेजारच्या खुर्चीवर थोपटला. "बस. इथे माझ्याजवळ बस. हळू बस हं, उडेल."

मी बसले. त्यांची मान किती फिरली की ते कुठे बघतात, हे मला कळतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या उजव्या खांद्याच्या वीतभर वर बघत होते.

तरी मी हलले नाही. खुर्ची माझी होती.

धाकटी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. ट्रे उंबऱ्यावर ठेवला. आत आली नाही.

"ताई," ती हळू म्हणाली, "कोट द्या. रफू करते."

"कशाला?"

"खांद्याला भोकं पडलीत."

मी डावा हात नेऊन चाचपलं. दोन पुढे, एक मागे. मधल्या नखाचं नव्हतं.

"राहू दे," मी म्हणाले, आणि खुर्ची बाबांच्या आणखी जवळ ओढली.